दारावरचं पत्रक

आमच्या गावात माणूस वारला की त्याचा फोटो छापलेली पत्रकं खांबांवर आणि घराच्या दारावर चिकटवतात. आमच्या फुटबॉल संघाचा स्ट्रायकर तिहोमीर हाडवैरी क्लबकडे गेला, तेव्हा आम्ही चिडून त्याचीच पत्रकं गावभर लावली. जिवंतपणी! त्याच्या दारावरचं तर मीच डकवलं. मग त्या घराचं नावच टाकलं, तिकडे कुणी फिरकलं नाही.

पाच वर्षांनी तो आमच्या संघात परत आला, आणि पहिल्याच सामन्यात त्यानं दोन गोल ठोकले. राकिया दारूची बाटली घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. दारावर उन्हानं विटलेलं पत्रक होतंच.

"काढ रे ते आता. आमचा राग गेला."

"तुमचा राग गेला?" तो खवळला. "नालायकांनो, तुमची पत्रकं बाबांनी त्याच दिवशी फाडली. गावभर धावत, खांब न् खांब. शेवटच्या खांबापाशी कोसळले, ते उठलेच नाहीत. नाव वाचा. हे त्यांचं आहे."