सातव्या मजल्याची ढाल

त्या उंच इमारतीत दर महिन्याला सगळ्यात कमी वीज वापरून हवेत सगळ्यात कमी कार्बन सोडणाऱ्या ऑफिसला ढाल मिळायची. ती सलग पाचव्यांदा सातव्या मजल्यावरच्या मॅनेजरबाईंनी नेली, तेव्हा सहाव्या मजल्याच्या मॅनेजरच्या पोटात असं दुखलं की विचारू नका. तिने एसी सत्तावीसवर नेला, कॉफीचं मशीन काढलं, "मॅडम, आता श्वासही मोजून घ्यायचा का?" असले टोमणे गिळले, तरी आकडा काही खाली येईना. शेवटी मानपान बाजूला ठेवून ती जिना चढली.

"ताई, तुमची युक्ती तरी सांगा."

खिडकीपाशी एकट्याच बसलेल्या ताईंनी समोरच्या चाळीस रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.



"तुमची सगळी माणसं आहेत ना अजून कामावर? मग अशाच हरत राहा, बाई."