चार सारखे भाग

नारीन गावातल्या शाळेत शिकाऊ शिक्षिका म्हणून माझा शेवटचा पाठ होता आणि मागच्या बाकावर गुण द्यायला परीक्षक मॅडम बसल्या होत्या. अपूर्णांक शिकवायला अख्खा गोल नान आणला. चार सारखे भाग करायला सुरी काढली, तर वर्ग किंचाळला, “बाई, नानला सुरी? पाप लागेल!” “बरं बाबांनो, हातानं मोडा!” पहिल्या बाकावरच्या तुमार नावाच्या मुलीनं तो मोडला आणि सगळ्यांत मोठा तुकडा मॅडमपुढे नेऊन ठेवला. “अगं, सारखे म्हटलं ना!” “पाहुण्यांना सारखं कसं द्यायचं?” महिनाभर ओरडून घसा बसलेला, आणि ही चिमुरडी मलाच शिकवतेय! वर मॅडम खुशाल खायला लागल्या. मी खडू आपटला. तेवढ्यात त्याखालोखाल मोठा तुकडा माझ्यापुढे आला. “हा कशाला? मी काय पाहुणी आहे?” “उद्या तुम्ही जाणार ना, बाई?” मी तुकडा मोडून तोंडात टाकला. उरलेला नान कार्ट्यांनी आपसांत वाटला, अगदी सारखा.