शेळीचं दूध

डॉक्टरांनी कागदाची लांब पट्टी दोन्ही हातांत धरून निरखली, तशी बायडाबाई स्टुलाच्या कडेला सरकली.

"हृदय ठणठणीत आहे," डॉक्टर म्हणाले.

वैजनाथ शर्टाची बटणं लावत होता. त्याला बाहेर बसवून त्यांनी पुढचं हळू आवाजात सांगितलं. "वैजनाथचं डोक्याचं दुखणं थंडावलंय. काहींचं थंडावतं. पण या गोळीनं माणूस अंगानं सुटतो, साखर वाढते, हृदयावर ताण येतो. माझा एक पेशंट पस्तिशीत गेला. छातीत दुखतंय म्हणून ओरडत होता, घरचे म्हणाले, वेडाच्या भरात बोलतोय. गोळी रोज घेतो ना हा?"

"मी सोता देते. येक दिस चुकू दिला न्हाई."

"मग नशीबवान आहे. पाच वर्षं झाली, अंगावर मूठभर मांस नाही. पण धडधडलं, चक्कर आली, तर त्याच दिवशी घेऊन यायचं."

नगरहून मिरजगावला येईपर्यंत एसटीत बायडाबाईचं सगळं लक्ष पोराच्या छातीकडे होतं. नवरा गेलेला, हे एकच लेकरू. त्याला काही झालं तर ती जगणार कुणासाठी?

डॉक्टरांशी ती खोटं बोलली नव्हती. फक्त सगळं सांगितलं नव्हतं. वैजनाथ गोळी थुंकून टाकायचा, विष घालता म्हणायचा. म्हणून ती गोळी कुटून, गूळ घालून शेळीच्या दुधात द्यायची. शेळी पाळली होती ती त्याच्याचसाठी. एकदा तो म्हणाला होता, "आये, दूध कडू लागतंय."

"शेळीनं लिंबाचा पाला खाल्ला आसंल. पी गप."

तो प्याला होता.

दोन वर्षांपूर्वी त्याचं लग्न लावताना तिनं आजाराचा शब्द काढला नाही. काढला असता तर मुलगी दिली कुणी असती? झाकली मूठ सव्वा लाखाची. सुनेलाही गोळीचा पत्ता नव्हता. जेवण झालं की वैजनाथ पेला घेऊन खोलीत जायचा. नवराबायकोच्या खोलीत सासूनं डोकावणं बरं दिसत नाही. सकाळी रिकामा पेला घासायला पडलेला असे, तो बघून तिचा जीव शांत होई.

सून पुष्पावती आली तेव्हा काडी होती. दोन वर्षांत दारात मावेना. उन्हं वर आली तरी उठायची नाही, भाकरी थापता थापता पेंगायची. पाळी चुकली तेव्हा बायडाबाईनं गल्लीत साखर वाटली. चार महिने गेले, पाच गेले, पोटात काहीच नव्हतं. शेजारच्या लंकाबाईपुढं बायडाबाई सुनेला ऐकू जाईल अशी म्हणायची, "नुसती चरबी चढलीय. खायाला काळ आन् भुईला भार."

आणि खायला तरी काय होतं? चटणी-भाकरी आणि कोरा चहा. शेळीच्या दुधाचा थेंब सुनेला मिळत नव्हता. ज्याचं दुखणं, त्याचं दूध, असा बायडाबाईचा न्याय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी पुष्पावती चुलीपुढून उठली आणि भिंत धरून उभी राहिली.

"आत्याबाई, छातीत लई धडधडतंय. डोळ्यापुढं अंधारी येती."

"तीळ भाजायची येळ आली की बरं धडधडतं!"

वैजनाथ सायकलच्या दुकानातून जेवायला आला होता. "आये, हिला नगरच्या डाक्टरला दावू."

"हिला काय धाड भरलीय? तुजं बघ आधी." बायडाबाईनं त्याला जवळ ओढून छातीला कान लावला. ठोके संथ पडत होते. तिला बरं वाटलं.

चौथ्या दिवशी पुष्पावती हापशावर कोसळली. टेम्पोत घालून दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला होता.

"हृदय बंद पडलं," तिथले डॉक्टर म्हणाले. "एवढ्या लहान वयात! काही औषध चालू होतं का?"

"कसलं औशिद? डोकं दुखलं तरी गोळी घेत नव्हती," बायडाबाई म्हणाली. ती खरंच बोलत होती.

ती रडली, चारचौघींत छाती पिटून रडली. पण आत कुठंतरी तिनं देवाचे आभारही मानले. जायचं ते सुनेवर गेलं, लेक वाचला. वर्षभरानं दुसरी बघता येईल.

सावडून आले त्या संध्याकाळी वैजनाथ भिंतीला टेकून बसला होता. अशा धक्क्यानं दुखणं उलटायचं, म्हणून बायडाबाईनं आठवणीनं गोळी कुटली, गूळ जास्तच घातला आणि पेला त्याच्या हातात दिला. तो सवयीनं खोलीत गेला आणि भरला पेला घेऊन तसाच परत आला.

"आये, हे आता कुनाला देऊ?"

"कुनाला म्हंजी? तुजं हाय, पी की."

"मी कुटं पितो?" वैजनाथनं पेला तिच्यापुढं ठेवला. "तू तिला कोरा च्या द्यायचीस. म्हनून लगीन झाल्यापासनं माज्या वाटचं रोज तिलाच पाजत हुतो."