मिठाचा पुडा
“मिठाच्या पुड्यालासुद्धा क्रेडिट कार्ड!” रांगेत सासूबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या. रोजचा किराणा डेबिट कार्डावर, म्हणजे नवऱ्याच्या पगारातून, आणि क्रेडिट कार्ड फक्त फ्रिजसारख्या मोठ्या खरेदीला, हा घरातला नियम त्यांनीच घातलेला. मी ऐकू न आल्यासारखं केलं. “लिमिट संपलंय, ताई,” काउंटरवरची मुलगी म्हणाली. चार महिने रोज नऊला डबा घेऊन ‘ऑफिसला’ निघणारा माझा नवरा ट्रॉलीच्या चाकांकडे बघत राहिला. सासूबाईंनी पर्समधून पेन्शनचं डेबिट कार्ड काढलं. त्यावरचा प्लास्टिकचा पापुद्राही निघाला नव्हता. एटीएमच्या दारातून घाबरून परतणाऱ्या या बाईंनी एका हाताचा आडोसा करून न अडखळता चार आकडे दाबले. मिठाचा पुडा मुलाच्या हातात देत त्या म्हणाल्या, “नोकरी गेलीय ना, बाळा? मीठ क्रेडिटवर गेलं, तेव्हाच कळलं मला.”