वळणापलीकडचा हॉर्न

फुल्वियो आणि त्याची बायको ओर्नेल्ला कोमो सरोवराच्या काठाने समुद्राकडे निघाले होते. अरुंद रस्त्यावर वळणापुढचं दिसेनासं झालं की हॉर्न वाजवायचा, पलीकडून उत्तर आलं तर थांबायचं, हा तिथला रिवाज. त्यांच्या जुन्या गाडीचा हॉर्न मध्येच चिरकायचा. आज तीन वळणांवर तसंच चिरकं उत्तर आलं. समोरून गाडी मात्र एकही आली नाही.

"प्रतिध्वनी असेल," फुल्वियो म्हणाला.

"मग आता वाजवूच नकोस. बघू तरी."

चौथ्या वळणाआधी त्याने इंजिन बंद केलं. भर दुपारी सरोवर श्वास रोखल्यासारखं निश्चल झालं.

पलीकडे तोच चिरका हॉर्न वाजला, आणि उत्तरासाठी थांबला.

चर्चमध्ये बोलावं तशी ओर्नेल्ला हळूच म्हणाली, "उत्तर दे ना रे. पलीकडूनही तूच विचारतोयस, येऊ का म्हणून."