चाळीस फुटी

कंटेनर गल्लीच्या तोंडाशी वळला आणि आजोबांना पहिला धक्का तिथेच बसला. तो वीस फुटी होता.

मापात आजोबांची चूक होणं शक्य नव्हतं. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. समोरून येणाऱ्याच्या खांद्याचं माप टेप न लावता सांगायचा. त्यात मुलगा परदेशातलं बिऱ्हाड उचलून कायमचा घरी येतोय, चाळीस फुटी कंटेनर ठरवलाय, हे कळल्यापासून त्यांनी सगळ्या गल्लीला कंटेनर शिकवला होता. घरासमोर कापडाच्या खडूनं दोन चौकोन आखायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून समजावायचं. वीस फुटी म्हणजे दोन खोल्यांचा संसार, चाळीस फुटी म्हणजे भरलं घर. आणि आतलं माप बाहेरच्यापेक्षा कमीच भरतं, अस्तर लावलेल्या कोटासारखं. शेवटी शेवटी लोक त्यांना पाहून रस्ता बदलू लागले होते.

एवढ्यावर थांबतील तर ते आजोबा कसले? ते लांबलचक धूड अंगणात वळावं म्हणून त्यांनी फाटक काढवलं आणि अंगणाची समोरची भिंतही पाडून घेतली. आजीनं स्वतःचा पलंग आणि कपाट देऊन टाकून दोन खोल्या मोकळ्या केल्या. लहान खोली नातीसाठी रंगवली. चिऊ शाळेत जायला लागली होती, पण आजवर त्यांना भेटली होती ती फोनच्या काचेतूनच.

वीस फुटी आता त्या पाडलेल्या भिंतीतून आत आला. दोन्ही बाजूंना इतकी जागा उरली, की विटांच्या ढिगावर बसलेला गवंडी तोंड फिरवून हसला.

हा आमचा नव्हेच, असं आजोबांनी ड्रायव्हरला ठणकावून सांगितलं. ड्रायव्हरनं दारावरचा नंबर वाचून दाखवला. मुलगा पायरीवर उभा होता. तो परवा एकटाच आला होता. बायको आणि चिऊ शाळेला सुट्टी लागली की येणार होत्या. कंटेनर आला तरी तो पायरीवरून हलला नव्हता.

"आपलाच आहे, बाबा," तो म्हणाला.

आजोबांनी लगेच सावरून घेतलं. दुसरा मागून येत असेल. दोन वीस म्हणजे चाळीसच की, हिशेब तोच. त्यांचं हे चालू असतानाच ड्रायव्हरनं सील तोडलं आणि दारं उघडली.

आतून तो निम्मा रिकामा होता.

हमालांनी सामान उतरवायला घेतलं. आजोबा गळ्यात टेप अडकवून दाराशी उभे राहिले. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आल्या, टेबल आलंच नाही. जोडीतला एक दिवा आला. मग एक गादी, एकट्या माणसाची. कापड बघून अंग ओळखणाऱ्या माणसाला हे कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं, आणि कळलंच असावं, कारण त्यांची बडबड थांबली. आजी मात्र प्रत्येक खोक्यामागे वाकून बघत होती.

"चिऊची सायकल कुठाय रे?" तिनं विचारलं. पुढे टोपली असलेली ती लाल सायकल चिऊनं तिला फोनवर कितीदा दाखवली होती. "अंगणात चालवीन म्हणाली होती."

"सायकल तिकडेच आहे, आई."

"आणि चिऊ?"

एक हमाल खोकं घेऊन दोघांच्या मधून गेला. तो जाईपर्यंत मुलगा थांबला.

"तीपण."

आजी मटकन त्या गादीवर बसली. मुलगा खाली मान घालून सांगत राहिला. दोघांचं पटेनासं झालं होतं. ओढायचं तेवढं ओढलं, शेवटी सामान वाटून घेतलं. चिऊ तिच्या आईकडे राहणार होती. आजोबांच्या पायाखालची जमीन सरकली. त्यांना फार राग आला होता, पण रागावायलासुद्धा पायाखाली काहीतरी लागतं. आधी एका शब्दानं तरी सांगायचंस, एवढंच ते म्हणाले.

"सांगणारच होतो. त्या दिवशी फोन त्यासाठीच केला होता, बाबा." मुलानं अंगणाच्या उघड्या बाजूकडे पाहिलं. "तुम्ही फोन उचलल्या उचलल्या म्हणालात, भिंत पाडली."

आजोबांना तो फोन आठवला. त्यात आपण एकटेच बोलत होतो, हेही आठवलं.

कंटेनर रिकामा होऊन निघून गेला. दोन खोल्यांचं सोडाच, एका खोलीचा कोपराही धड भरला नाही. गवंडी बराच वेळ घुटमळत होता. ही विचारायची वेळ नव्हे हे त्यालाही कळत होतं, पण सिमेंट मागवायचं होतं. शेवटी जवळ येऊन त्यानं हळूच विचारलं, भिंत होती तशीच बांधू ना, आणि फाटक केवढं ठेवू?

आजोबा पुढे झाले. गळ्यातला टेप काढून मोकळ्या जागेशी गेले. टेपचं दुसरं टोक विटेवर ठरत नव्हतं. आजी गादीवरून उठून आली आणि तिनं ते धरलं.

"सायकल आत येईल एवढं," आजोबा गवंड्याला म्हणाले आणि खडूनं विटेवर खूण करायला वाकले.

आजीनं टेपचं टोक आणखी थोडं पलीकडे ओढलं.

"वाढतं अंग आहे तिचं," ती म्हणाली. "जरा सैल ठेवा."