हिचं ऑपरेशन

"उसी दिन सीढ़ियाँ चढ़ पाऊँगा?" धैर्यशीलनं डॉक्टरांना एवढंच विचारलं.

आलमबागच्या त्या दवाखान्यात डॉक्टर बिचारे मघापासून कागदावर चित्रं काढून दोन्ही वाटा समजावत होते. धैर्यशीलच्या वीर्यात शुक्राणूच नव्हते. ते अंडकोशातून शोधून काढावे लागणार होते. एक तर नुसती जागा बधिर करून सुई घालायची आणि दुपारी घरी. नाहीतर पूर्ण भूल, चीर देऊन मायक्रोस्कोपखाली कसून शोध, आणि मग काही दिवस अंथरूण. सुईनं काही हाती लागण्याची आशा फार थोडी, दुसऱ्यात बरीच जास्त, मी तर दुसरंच सांगेन, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको मैत्रेयी हिचंही तेच म्हणणं होतं. पण जिने चढता येतील की नाही यावर गाडी अडली आणि सुई ठरली. आईवडिलांनी नाव धैर्यशील ठेवलं, त्यांचा तरी काय दोष.

जिन्यांची काळजी होती, कारण निशातगंजमधल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पद्मिनीबाई येऊन बसल्या होत्या. त्याच्या मातोश्री. कोल्हापूरहून खास सुनेच्या ऑपरेशनसाठी आलेल्या. हो, सुनेच्याच. दोष लेकात आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं; सुनेच्या पोटातून बीज काढायचं आहे, एवढंच ठाऊक होतं. पहिला रिपोर्ट आला तेव्हा "आईला सोसायचं नाही, सध्या तुझ्यावर घे," म्हणून धैर्यशीलनं हात जोडले, आणि मैत्रेयीनं घेतलं. नवऱ्यावर जीव होता. त्या 'सध्या'ला वर्षं लोटली. नणंदेच्या, दीप्तीच्या डोहाळजेवणात ती ओटी भरायला पुढे झाली, तर सासूबाईंनी तिच्या हातातलं ताट अलगद काढून घेतलं. धैर्यशील तिथंच होता, जिलबी खात.

या वेळी मात्र दवाखान्याच्या दारातच तिनं त्याच्याकडून शब्द घेतला.

"सुई तर सुई. पण त्यातून काही निघालं नाही, तर आईंना तू स्वतः सांगायचंस."

"शप्पथ," तो म्हणाला.

ऑपरेशनच्या दिवशी दोघं जिना चढली ते बघण्यासारखं होतं. त्याच्या एका हातात पिशवी, दुसरा तिच्या खांद्यावर. बघणाऱ्याला वाटावं, किती जपून आणतोय बायकोला. खरं तर सगळा भार तिच्यावर होता, आणि प्रत्येक पायरीला तो ओठ चावत होता. दारात पोचल्यावर पद्मिनीबाईंनी सुनेला धरून पलंगावर निजवलं, अंगावर रजई घातली आणि तूप घालून मऊ भात पुढे केला. लेकाला म्हणाल्या, "तू काय उभा? सिलिंडर संपलाय, तेवढा बदल." धैर्यशील वाकला आणि पांढराफटक पडला. रजईत मैत्रेयीला हसू आलं. मग त्याची दया आली. "राहू द्या अहो, मी बघते," म्हणत ती उठायला लागली, तर सासूबाईंनी तिलाच दटावलं. एकांतात ती त्याला तू म्हणायची. सासूबाईंपुढे मात्र अहो.

पद्मिनीबाई पलंगाच्या कडेला बसल्या. रजई नीट सारखी केली.

"मी वाईट नाही गं पोरी," त्या म्हणाल्या. "पण यातूनही काही निघालं नाही, तर मला धैर्याचा वेगळा विचार करावा लागेल. दीप्तीच्या सासरकडची एक मुलगी आहे."

असं बोलणं याआधीही झालं होतं आणि दरवेळी मैत्रेयी हादरली होती. आज पहिल्यांदा ती घाबरली नाही. वाईट काय व्हायचं ते झालं, तरी खरं बाहेर येणार होतं. तिनं सगळा भात संपवला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी दवाखान्यातून फोन आला. धैर्यशील खिडकीशी जाऊन बोलू लागला.

"हाँ जी, डॉक्टर साहब... बिल्कुल नहीं?... अच्छा... दूसरे वाले में मिल सकता है?... नहीं, रहने दीजिए."

मैत्रेयीला रडू फुटलं. जे मूल अजून कुठंच नव्हतं त्याच्यासाठी ती मनापासून रडली. आणि रडता रडता तिला हलकंही वाटायला लागलं, त्याची तिलाच लाज वाटली. मूल नाही तर नाही, हे सोंग तरी संपलं होतं. आता पडून राहायचं काही कारण नव्हतं. तिनं रजई बाजूला केली, पाय जमिनीवर टेकले, डोळे पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं. त्याला बोलायला बळ यावं म्हणून जराशी मानही हलवली.

पद्मिनीबाई कपबशी हातात घेऊन दारात उभ्या होत्या. "काय म्हणाले डॉक्टर?"

धैर्यशीलनं फोन खिशात ठेवला. बायकोकडे न बघता तो आईजवळ गेला.

"हिच्यातून काहीच निघालं नाही, आई."